समताची पूर्वतयारी

विवेक मेश्रामने आयुष्यात एकच गोष्ट डोळे झाकून मानली होती: परीक्षा म्हटली की तयारी करायची. नागपूरच्या इंदोऱ्यातून त्याला बाहेर काढलं ते शिष्यवृत्तीने. मग इंजिनिअरिंग, मग नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या मोजमापाची नोकरी, मग न्यूनेनमधलं विटांचं घर, सगळं पेपर सोडवून मिळवलेलं. त्यामुळे सीझनच्या आधी रग्बीच्या संघात सगळ्यांच्या डोक्याची परीक्षा होते असं लेकीच्या तोंडून ऐकताच त्याचे कान टवकारले.

खरं तर ती परीक्षा नव्हतीच. खेळाडू धडधाकट असताना तिची स्मरणशक्ती किती, तोल किती, हे डॉक्टर एकदा मोजून ठेवतात. पुढे मैदानात डोक्याला मार बसला की तेच पुन्हा विचारायचं आणि दोन्ही निकाल ताडून पाहायचे. दहा शब्द ऐकून परत सांगा, आकडे उलटे म्हणा, महिने डिसेंबरपासून मागे या, असलं काहीतरी.

"बाबा, देअर इज नथिंग टू स्टडी," समता म्हणाली.

"असं कसं? जुने पेपर असतीलच ना कुठेतरी."

होते! शब्दांचे ठरलेले संच असतात आणि ते इंटरनेटवर पडलेले असतात, हे शोधायला त्याला एक संध्याकाळ पुरली. मग काय, जेवणाच्या टेबलावर क्लास सुरू. शब्दांची गोष्ट कशी गुंफायची, आकड्यांच्या जोड्या कशा लावायच्या, बापाने सगळं घोटून घेतलं. त्याची बायको तेजल भाजी वाढताना म्हणाली, "पोरीकडून डोक्याला मार बसायची तयारी करून घेणारा बाप मी पहिल्यांदाच बघतेय." समता हसायची, पण करायची. स्क्रमच्या पहिल्या रांगेत उभी राहून समोरच्या अख्ख्या फळीचा रेटा मानेवर झेलणारी ही दांडगी मुलगी बापापुढे मात्र पाढे म्हणायला बसवल्यासारखी बसायची.

संघात ती पहिली आली. तिथे नंबर काढत नाहीत, पण विवेकने काढला आणि फोन करून नागपुरात आत्याला कळवलाही.

मग एका शनिवारी अ‍ॅमस्टरडॅमला देशाच्या संघाकडून मॅच होती. टॅकल करताना समोरच्या मुलीचा गुडघा समताच्या कानशिलावर बसला. ती पडली आणि जरा उशिरानेच उठली. डॉक्टर तिला आत घेऊन गेल्या, प्रश्न विचारले, आणि थोड्याच वेळात ती पुन्हा मैदानात धावत आली. विवेक उभा राहून ओरडला, "शाब्बास गं!" त्या शाब्बासकीची त्याला पुढे फार लाज वाटली.

रविवारी समता उशिरा उठली आणि तिने आधी पडदे ओढून घेतले. "आई कुठेय?" तिने विचारलं. तेजल मैत्रिणीकडे फोरबर्गला गेली होती, तसं त्याने सांगितलं. चहा पिताना तिने पुन्हा विचारलं. ब्रेड आणायला म्हणून सायकलवर गेली ती ब्रेड घेऊन चालत परत आली. सायकल कुठेय, म्हटल्यावर दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई कुठेय?"

"समता, डोकं दुखतंय का तुझं?"

"बाबा, आय पास्ड." ती हसली. "यू ट्रेन्ड मी, ना?"

कामावर एखादी मोजपट्टी कुणी घासलेली निघाली तर विवेक त्या माणसाची चामडी लोळवत असे. आणि इथे त्याने स्वतःच्या लेकीची मोजपट्टी स्वतःच्या हाताने घासली होती, तीही कौतुकाने.

मंगळवारी तिला इंग्लंडला जायचं होतं. तिथल्या व्यावसायिक क्लबशी दोन वर्षांचा करार व्हायचा होता. लहानपणापासून चिखलात गेलेले रविवार, अर्धवट सोडलेली युनिव्हर्सिटी, "खेळून काय पोट भरणार?" म्हणणारे नातेवाईक, या सगळ्याला तो करार म्हणजे उत्तर होतं. अट एकच: सोमवारच्या फेरतपासणीत डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवायचा. नाहीतर त्या जागेसाठी दुसरी मुलगी तयारच होती.

"उद्या डॉक्टरांना खरं सांगूया," संध्याकाळी तो म्हणाला.

"खरं काय? दॅट आय स्टडीड? एव्हरीबडी चीट्स, बाबा! बाकीच्या मुद्दाम कमी मार्क घेतात. म्हणजे नंतर लागलं तरी कळत नाही." तिने कपाळ दाबून धरलं. "प्लीज. थोड्या दिवसांत होईन मी बरी. ही जागा मला पुन्हा मिळणार नाही."

जागा खरंच पुन्हा मिळणार नव्हती.

सोमवारी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एका ऑफिस इमारतीत संघाच्या डॉक्टर हेलेननी दोघांनाही समोर बसवलं. शब्द वाचून दाखवले. समताने डोळे मिटले आणि दहाच्या दहा म्हणून दाखवले. आकडेही उलटे बरोबर. हेलेन खूश होऊन सही करायला वाकल्या. विवेकला वाटलं, गप्प बसावं. पोरगी खूश, क्लब खूश, नागपूरची आत्याही खूश.

"डॉक्टर, थांबा," तो म्हणाला. "हे शब्द तिला पाठ आहेत. तुमचे सगळे संच मी तिच्याकडून पाठ करून घेतलेत."

"बाबा!"

हेलेननी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच त्याला जास्त लागलं. खुर्ची समताच्या जवळ ओढून त्या म्हणाल्या, "मग आता मी मनाचे शब्द सांगते. नीट जमलं, तर आपण पुढचं बोलू." आणि एकेक करून सांगू लागल्या. छत्री, दगड, लोणी, पूल, असे साधेसुधेच.

समताने रागानेच सुरुवात केली. "छत्री. दगड." मग थांबली. मग पाठ केलेल्या संचातला एक शब्द तिच्या तोंडून आला, आणि तो इथला नाही हे तिचं तिलाच कळलं. तिने बापाकडे पाहिलं. राग कुठल्या कुठे गेला होता, ती घाबरली होती.

विवेकला सगळे शब्द आठवत होते. लोणी त्याच्या ओठांवर आलं होतं. नुसते ओठ हलवले असते तरी तिला कळलं असतं. त्याने ते घट्ट मिटून घेतले.

"बाबा," समता म्हणाली, "मला आठवत नाहीये."

तो उठून तिच्या शेजारी जाऊन बसला आणि तिचं डोकं हलकेच खांद्यावर घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला. "नको आठवूस."