रिकामा कन्स्ट्रक्टर

करुणानं कीबोर्ड पुढं ओढला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. पडद्यावर त्याची खिडकी उघडायच्या आतच तीच चुकीची लाल फुली. बाहेर वारंगा फाट्यावर ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न मारत होते.

वीज नुकती आली होती. संगणक उठला होता. ट्रक तोलणारा काटा अजून जागा होत होता.

"बाई, गुंडाळा ह्ये," काट्याचे मालक किसनसिंग म्हणाले. "तुमच्या रत्नपाल सरांना फोन केला म्या. येऊन सामान घेऊन जा म्हणलं."

काट्यावरचं वजन संगणकात घेणारा हा प्रोग्रॅम सरांनीच सी-शार्प या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. करुणा त्यांच्या हाताखाली नवीच होती. एकटीनं प्रोग्रॅम बसवायचा हा तिचा पहिलाच काटा.

तिनं कोड उघडला. 'काटा चालू झाल्यावर बटण दाबा' हा निरोप पहिल्याच ओळीत होता. मग तो दिसायच्या आधीच प्रोग्रॅम मरतो कसा?

तिची नजर काट्याशी जोडणी करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, त्या क्लासवर, थांबली. त्यात स्टॅटिक कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लास पहिल्यांदा वापरताना सर्वांत आधी चालणारा भाग, नव्हताच! तो नसला की क्लास कधी तयार करायचा, हे यंत्रणा आपल्या सोयीनं ठरवते. इथं ती तो पहिल्या ओळीच्याही आधी तयार करत होती, आणि झोपलेल्या काट्याकडून उत्तर न आल्यानं सगळं कोसळत होतं.

तिनं कन्स्ट्रक्टर लिहिला. कंसांत काहीच नाही. आता पहिल्यांदा गरज पडेपर्यंत क्लासला थांबावंच लागणार होतं.

"काका, काटा बंद करा."

"आत्ता कुठं चालू झाला!"

"म्हणून तर! बंद करून परत लावा."

किसनसिंगांनी कुरकुरत बटण दाबलं. तिनं प्रोग्रॅम चालू केला. खिडकी उघडली. निरोप आला आणि पडद्यावर तसाच थांबला. काट्यावर आकडे उजळले तसं करुणानं बटण दाबलं, आणि काट्यावर उभ्या ट्रकचं वजन पडद्यावर उमटलं.

"आलं! काका, आलं!" ती उठली तशी खुर्ची उलटली.

"काय घातलं त्याच्यात?"

"काहीच न्हाई! रिकामं हाय!" तिला हसू आवरेना.

मोटारसायकल दारात थांबली. रत्नपाल सर आत आले, पडद्यापुढं वाकले. त्या रिकाम्या कंसांवर त्यांचं बोट बराच वेळ टेकून राहिलं.

"वसमतच्या काट्यालाबी असंच होऊन राहिलं," ते हळूच म्हणाले. "महिना झाला. मला सापडंना."

किसनसिंगांनी खुर्ची उचलून सरळ केली. ती सरांपुढं नाही, करुणापुढं ठेवली.

ती बसली नाही. प्रोग्रॅमच्या सीडींची पिशवी तिनं खांद्याला अडकवली आणि सरांपुढं हात केला.

"वसमतला जाते. गाडीची किल्ली?"