डावा सात, उजवा आठ

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. शिलाई मशीनचा खण उघडला, मला बाहेर काढण्यात आले आणि डाव्या बुटावर पहिला हात फिरला. मी एक जुना पॉलिशचा ब्रश आहे. मला धरणारा हात फौजेतल्या एका मेकॅनिकचा आहे. निर्णयाची वाट पाहण्याचा त्याचा आज एकाहत्तरावा दिवस.

मित्रांनो, माझी पाठ कठीण लाकडाची आहे. एका कारखान्यात तिला एकशे बत्तीस भोके पाडली गेली आणि प्रत्येक भोकात घोड्याच्या केसांची एकेक बट ठोकून बसवली. भरतीच्या पहिल्या दिवशी दोन बनियन, एक मग आणि एक साबण यांच्याबरोबर मी या मेकॅनिकच्या पदरात पडलो. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बराकीत ब्रशांना पाय फुटतात, म्हणून त्याने तापवलेल्या खिळ्याने माझ्या पाठीवर आपल्या नंबरातले शेवटचे चार आकडे कोरले. ते अजून वाचता येतात.

पुढची चौदा वर्षे माझी चलती होती. परेडच्या आदल्या संध्याकाळी अर्धी बराक मला मागायला यायची. एका अधिकाऱ्याने माझ्या मेकॅनिकच्या बुटाच्या चकचकीत टोकात पाहून स्वतःची मिशी सारखी करून घेतली होती. गाड्यांच्या कामातही त्याचे नाव होते. बॉनेटला कान लावून तो बिघाड सांगायचा, म्हणून सगळे त्याला ‘कानवाला’ म्हणत.

गेल्या वर्षी जॅक निसटला आणि ट्रकचा गिअरबॉक्स त्याच्या डाव्या पावलावर आला. तीन शस्त्रक्रिया झाल्या. पाऊल वाचले, पण आखडले. मग तीन डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाने त्याला चालवले, बसवले, चवड्यांवर उभे केले आणि निर्णय टपालाने कळवू असे सांगितले. निर्णय दोनपैकी एक असणार होता. हलके काम देऊन फौजेत ठेवायचे, नाहीतर कायमचे घरी पाठवायचे. तोपर्यंत रजा.

घर दोन खोल्यांचे आहे. बाहेरच्या खोलीत त्याच्या बायकोची शिलाई मशीन आहे आणि दाराला पत्र्याच्या झाकणाची टपालपेटी. झाकण वाजले की तो कान टवकारायचा. पहिल्या महिन्यात वारा आला तरी तो उठून पेटी पाहून यायचा. घास गिळवत नसे. थोरली बहीण रोज फोन करून काही आलं का विचारायची, आणि फोन ठेवल्यावर तो पुन्हा पेटी उघडून पाहायचा.

रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी त्याला श्वास मोजायला सांगितले. त्याने सांगून पाहिले की नुसत्या हवेत आपले लक्ष लागत नाही, हातात हत्यार हवे. सगळ्यात जुने हत्यार कोणते, असे बाईंनी विचारले. तो माझे नाव घेईल असे त्यांना वाटले नसावे. तेव्हापासून टोकावर चाळीस हात, दोन्ही बाजूंना वीस-वीस, मोजून. मोजता मोजता त्याचा श्वास संथ व्हायचा, हे मी स्वतः अनुभवले आहे.

पण मित्रांनो, माझा अतिरेकही झाला. एका दिवशी त्याने तेच बूट नऊ वेळा घासले. टोकाचे कातडे तडकले आणि माझे केस एका बाजूला कलले. बायकोने मला उचलून मशीनच्या खणात कात्रीशेजारी टाकले आणि सकाळी एकदाच मिळेल असे बजावले. त्याने तक्रार केली, तर ती म्हणाली, “फौजेत जेवणसुद्धा वेळेवरच मिळतं ना? मग हेही तसंच.”

अठ्ठावन्नाव्या दिवशी झाकण वाजले. पाकीट फौजेचे होते. आत बोर्डाचा निर्णय नव्हता. स्टोअरची छापील चिठ्ठी होती. नव्या बुटांसाठी पावलाचे माप कळवावे, एवढाच मजकूर. त्याने ती उभ्यानेच तीनदा वाचली. ज्याला काढायचे त्याला कोणी बूट देत नाही, असा हिशेब त्याने लावला. बहिणीला फोन गेला. त्या दुपारी तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

संध्याकाळी त्याने स्टोअरमधल्या मित्राला फोन केला. वजनमापात काटेकोर म्हणून त्याला सगळे ‘तराजू’ म्हणत. तराजूने आधी इकडचे तिकडचे विचारले. मग म्हणाला, “कानवाल्या, ती चिठ्ठी यादीतल्या सगळ्यांना जाते रे. तुझं नाव अजून यादीत आहे, एवढाच तिचा अर्थ.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ चिठ्ठीची घडी घालत आणि उघडत बसला. बहिणीला पुन्हा फोन बायकोने केला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, तो चिठ्ठी भरायला बसला. मापासाठी एकच चौकट होती. तो आठ लिहू लागला.

“डावा आता सात आहे,” बायको मशीनवरून म्हणाली.

“ते बोर्डाला ठाऊक आहे. स्टोअरला कशाला सांगू? कागद फिरत फिरत कुठे जाईल, नेम नाही.”

तिच्या गळ्यात टेप होती. “माप देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात,” ती म्हणाली. “पण कपडा पोट सोडून घालायचा असतो.”

त्याला हसू आले. कितीतरी दिवसांनी मी त्याचे हसणे ऐकले. मग तिने जमिनीवर खाकी कागद पसरला, तो त्यावर उभा राहिला आणि तिने खडूने दोन्ही पावलांच्या कडेने रेघ मारली. त्याने चौकटीत लिहिले, ‘डावा सात, उजवा आठ’. अक्षरे चौकटीबाहेर गेली.

पाकीट चिकटवताना तो मध्येच उठला. तो माझ्या खणापाशी आला आणि खणाच्या मुठीला हात लावून उभा राहिला. बायकोने मशीन थांबवली. त्याने हलक्या आवाजात चाळीसपर्यंत मोजले, मूठ सोडली आणि पाकीट टाकायला निघून गेला. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावाचून चाळीस मोजले गेले. मला थोडे वाईट वाटले. थोडेच.

माझी मागणी फार नाही. काम झाले की ब्रशचे केस फणीने मोकळे करावेत, आणि त्याला केसांवर दाबून ठेवू नये. घरात कोणी निर्णयाची वाट पाहत असेल, तर त्याला रोज काही आलं का असे विचारू नये. त्याची बहीण आता फोनवर जेवलास का एवढेच विचारते.

चिठ्ठीचे उत्तर आलेले नाही. बोर्डाचेही नाही. आजचे चाळीस हात झाले आहेत, दोन्ही बूट दाराशेजारी जोडीने ठेवलेले आहेत आणि मी खणात परतलो आहे. आता नऊ वाजून वीस मिनिटे झाली आहेत. पोस्टमन शेजारच्या दाराशी थांबला आहे. मशीन चालू आहे, आणि तो अजून खुर्चीवरून उठलेला नाही.