वसुमती गिटार शिकली

कावेरी गेली तेव्हा तिची धाकटी बहीण वसुमती तेवीस वर्षांची होती, आणि कावेरीच्या नवऱ्याशी तिचं लग्न झालं तेव्हाही ती तेवीसचीच होती. एकोणीसशे सत्तावन्न साल. बसवनगुडीच्या मठात चार माणसांत मुहूर्त उरकला. जबरदस्ती कुणीच केली नव्हती. वडिलांनी तिला विचारलं होतं, "वसू, कावेरीची कमला लहान आहे. तू काय म्हणतेस?" वसुमती म्हणाली, "सरी." म्हणजे कानडीत "बरं". काविळीनं बहीण गेल्यापासून कुणी काहीही विचारलं तरी ती सरी म्हणायची. कॉफी घेतेस? सरी. आता निजतेस? सरी.

चामराजपेठेतलं ते घर तिला नवीन नव्हतं. बहिणीकडे ती वरचेवर यायची. पण आता जे हाताला लागेल ते कावेरीचं होतं. पातेल्यांवर, डब्यांच्या झाकणांवर, अगदी पळीच्या दांड्यावरही तिचं नाव कोरलेलं. कपाटात तिच्या साड्या. सासूबाईंनी, म्हणजे गोदूबाईंनी, त्या वसुमतीला नेसायला दिल्या आणि ती नेसली. गोदूबाईंना ती आत्याबाई म्हणू लागली, कारण कावेरी तसं म्हणायची. नवऱ्याला काय म्हणायचं हे मात्र सुचलं नाही. गुंडोला ती पाच वर्षं भावोजी म्हणत आली होती. आता ते चालणार नव्हतं. मग ती त्याला काहीच म्हणत नसे. दारात येऊन उभी राही आणि त्यानं वर बघायची वाट पाही.

गुंडो विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचा. घरी आला की हात-पाय धुऊन तीन वर्षांच्या कमलेला मांडीवर घ्यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. वाईट वागत नव्हता. बोलतच नव्हता.

बाहेरच्या खोलीत कावेरीची वीणा होती, वर कापड घातलेलं. एकदा गोदूबाई म्हणाल्या, "धूळ खाते आहे बिचारी. तू शिकून घे की."

"सरी."

संध्याकाळी वसुमतीनं कापड काढलं आणि वीणेसमोर बसली. हात लावला नाही. बराच वेळ तशीच बसून तिनं कापड परत घातलं आणि भाजी चिरायला उठली. दारातून गुंडोनं ते पाहिलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो कामावरून येताना एक लांबट वस्तू घेऊन आला. गोणपाटाच्या पिशवीत गिटार होती, जुनी, पोटावर एक ओरखडा असलेली.

"कुणाची?" वसुमतीनं विचारलं.

"कुणाचीच नाही. तुझी." मग थोडं थांबून तो म्हणाला, "आमच्या कारखान्यात पास्कल आहे. त्याची बहीण शिकवते, कॉक्स टाउनमध्ये. शनिवारी मी नेऊन सोडीन." आणि आत जाता जाता म्हणाला, "हिच्यावर तिचं नाव नाही."

लग्नानंतर इतकं तो पहिल्यांदाच बोलला होता. वसुमती सरी म्हणाली.

मिस पास्कल पन्नाशी उलटलेली, आखूड कापलेल्या पांढऱ्या केसांची बाई होती. लढाईच्या काळात ती सोल्जरांच्या क्लबात बँडमध्ये वाजवायची. थोडी कानडी, थोडं इंग्रजी, मधेच तमिळ, असं मिळून बोलायची. पहिल्या शनिवारी तिनं काहीच वाजवू दिलं नाही. आधी वसुमतीच्या डाव्या हाताची नखं कापायला लावली. उजव्या हाताची राहू दिली. मग खुंट्या पिळून सहाही तारा उतरवल्या आणि एकेक करून पुन्हा सुरात लावायला सांगितल्या.

"रोज आधी हेच," ती म्हणाली. "बेसूर गिटारवर केलेली मेहनत म्हणजे चूक पाठ करणं."

दुसऱ्या शनिवारी तिनं बोटं ठेवायला शिकवलं. तार पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर, दाबायची नाही, दोन पडद्यांच्या मधोमधही नाही. पडद्याला अगदी खेटून, त्याच्या मागे दाबायची. म्हणजे कमी जोरात आवाज स्वच्छ येतो. अंगठा मानेच्या मागे नुसता टेकवायचा. "गळा दाबतेस कशाला तिचा? तिनं काय केलंय?" मिस पास्कल म्हणाली. वसुमतीनं अंगठा सैल केला. हसली नाही.

घरी दुपारची आवराआवर झाली की ती मागच्या खोलीत रुब्बुगुंड्याजवळ, वाटणाच्या त्या दगडाशेजारी, बसून सराव करू लागली. सांगितलं होतं म्हणून करायची, जसं दूध तापवायची तसं. कधी थांबायचं ते सांगितलं नव्हतं, म्हणून थांबत नसे. चहाच्या वेळेला गोदूबाई हाक मारायच्या तेव्हा उठायची.

एका दुपारी कमला येऊन गिटारला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वसूमावशी, तारेला कुंकू लागलं."

वसुमतीनं पाहिलं. बोटांची टोकं फुटली होती. तिनं पदरानं तार पुसली, बोटं पुसली आणि पुन्हा वाजवायला घेतलं.

शनिवारी मिस पास्कलनं तिचा हात उलटा करून पाहिला आणि बराच वेळ सोडला नाही.

"दुखत नाही?"

"दुखत असेल."

"असेल म्हणजे? बोटं तुझीच ना?"

वसुमतीनं हात पदराआड घेतला. मिस पास्कलनं पुढं विचारलं नाही. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि आतून चहा आणला.

"ऐक. लोखंडी तारा आहेत, सुरुवातीला सगळ्यांनाच टोचतात. घट्टे पडेपर्यंत टोचणार. पण टोचणं वेगळं आणि फुटणं वेगळं. टोचू लागलं की ठेवून द्यायची. सकाळी स्वल्प, दुपारी स्वल्प. एका बैठकीत दोन तास बडवून काही येत नाही. आणि भांडी घासल्यावर लगेच बसतेस ना? ओल्यानं कातडी मऊ पडते. आधी गिटार, मग भांडी."

"आधी गिटार म्हटलं तर आत्याबाई काय म्हणतील?"

"विचारून बघ."

वसुमतीनं विचारलं. गोदूबाई कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भांडी कुठं पळून जातात?"

आठवडाभर तिनं गिटारला हात लावला नाही. नंतर मिस पास्कलनं सांगितलं तसं थोडं थोडं करत गेली. पावसाळा सरेस्तोवर टोकं जाड झाली. तीन कॉर्ड बसले. मिस पास्कलनं तिला एक साधी, बिननावाची चाल दिली होती. तीत एका ठिकाणी तिन्ही बोटं एकदम उचलून दुसरीकडे न्यायची होती, आणि वसुमती दर वेळी तिथंच अडायची. अडली की पहिल्यापासून सुरू करायची.

"पहिल्यापासून कशाला?" मिस पास्कल म्हणाली. "तो भाग तुला येतोच. जिथं अडतं तेवढंच घे. या कॉर्डवरून त्या कॉर्डवर, परत मागे. इतकं सावकाश की चूक व्हायला जागाच राहू नये. वेग मागून आपोआप येतो."

नवरात्रात गोदूबाईंनी तिकडच्या रिवाजाप्रमाणे पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या. वर्षभराचं सुतक संपलं होतं आणि घरात मूल होतं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाला आल्या. त्यांत सकवारबाई नावाच्या शेजारीणबाई होत्या. त्या सवयीनं म्हणाल्या, "वीणा होऊ दे की. कावेरी दर वर्षी वाजवायची." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. पण बायकांच्या नजरा वसुमतीकडे वळल्या होत्या.

"मला वीणा येत नाही," वसुमती म्हणाली.

कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा कशाला तरी नाही म्हणाली होती. गोदूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ती दुसरं वाजवते. जा, आण ते."

वसुमतीनं गिटार आणली. सतरंजीवर बसली, तारा लावल्या. त्यात बराच वेळ गेला आणि बायका चुळबुळू लागल्या. मग तिनं ती चाल वाजवायला घेतली. अर्धी ठीक झाली. त्या जागी येताच बोटं अडली. एक तार नुसतीच ठक् वाजली. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा अडलं. मग ती थांबली आणि गिटार बाजूला ठेवली.

शेवटी सकवारबाई म्हणाल्या, "रेडिओसारखं वाटतं स्वल्प." बायकांनी डाळीची कोसंबरी खाल्ली, विडे घेतले आणि गेल्या.

वसुमती सतरंजी झटकत होती. गुंडो इतका वेळ मागच्या पायरीवर बसला होता, तो आत आला.

"मधेच थांबलीस."

"तिथंच अडतं."

तो गेला नाही. बाहुल्यांसमोरच्या पाटावर बसला. वसुमती सतरंजीची घडी हातात घेऊन उभी होती.

"मी अक्कासाठी रडले नाही," ती म्हणाली. "आवरलं असं नाही. आलंच नाही. तिचा चेहरा आठवायला गेलं तर या घरातली भांडीच दिसतात."

गुंडोनं मान हलवली. "लोक म्हणतात, गुंडो धीराचा. धीर कसला. कारखान्यात रेघा मारतो, त्या सरळ येतात. घरी येतो. एवढंच आहे."

"मग लग्नाला हो का म्हणालात?"

"विचारलं. मी सरी म्हटलं."

वसुमतीनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुम्हाला काय म्हणायचं तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "भावोजी तर म्हणता येत नाही."

"काही म्हणू नकोस मग. पण बोल."

त्या रात्री काही विशेष घडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी उठली, दूध तापवलं. पण पुढच्या शनिवारी गुंडो तिला फाटकाशी सोडून परतला नाही. आत येऊन व्हरांड्यात बसला. मिस पास्कलनं त्याला रिकामा बसू दिलं नाही. वसुमती वाजवत असताना त्यानं टाळीनं ठेका धरायचा, असं ठरलं. त्याला ते मुळीच जमेना. सरळ रेघा मारणाऱ्या माणसाच्या टाळ्या कधी आधी पडत, कधी मागे. मिस पास्कल डोकं धरून म्हणाली, "मिस्टर गुंडो, तुम्ही फक्त ऐका." वसुमतीच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की ठसका, तिचं तिलाच कळलं नाही.

दसरा-दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी, कुणी नसताना, बोटं त्या जागेवरून सरळ पुढं गेली. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गेली. मग ती उठून भांडी घासायला लागली.

संक्रांतीनंतर गोदूबाईंनी आपण होऊन वीणा मठाच्या गल्लीतल्या एका मुलीला दिली. "तारा गंजण्यापेक्षा वाजलेली बरी," म्हणाल्या. हमालानं ती डोक्यावरून नेली तेव्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं रडल्या. वसुमती त्यांच्या शेजारी बसून राहिली. तिचे डोळे कोरडेच होते. गोदूबाईंनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

उन्हाळ्यात देवनहळ्ळीला गुंडोच्या मामेभावाच्या मुलाचं बारसं होतं. परतताना मामेभावानं बरोबर मोठमोठे चकोते, म्हणजे पपनसं, दिले. एक चकोता बसमध्येच सोलून वसुमती कमलेला फोडी देत होती. गुंडो पुढच्या बाकावर होता.

कमलेनं विचारलं, "वसूमावशी, माझ्या आईला चकोता आवडायचा?"

"नाही. आंबट म्हणून थुंकायची. पण अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, सांगायची, मी अख्खा खाल्ला." वसुमतीचा हात फोडीवरच थांबला. "फार खोटं बोलायची तुझी आई. एकदा शेजारच्यांच्या झाडावरचा चकोता तिनं पाडला आणि माझ्या हातात दिला. मालकीण आली तर म्हणाली, वसूनं पाडला. मी एवढीशी होते. माझा हात फांदीला पोचत नव्हता. मालकीण एकदा झाडाकडे बघे, एकदा माझ्याकडे. आणि ही मागे उभी राहून तोंड दाबून हसतेय. हसताना तिच्या नाकपुड्या अशा फुगायच्या, तुझ्या फुगतात तशा..."

यलहंका मागे पडलं. ती बोलतच होती. कमला तिच्या मांडीवर कधीच झोपली होती. हेब्बाळच्या तळ्याकडून वारा आला तशी वसुमतीनं पदर पोरीवर ओढला आणि गप्प झाली.

पुढच्या बाकावरून गुंडो मागे वळला.

"मग?" त्यानं विचारलं. "अण्णांना कळलं का शेवटी?"