अनुदानाची एक अट

मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. एका छोट्या प्रसूतिगृहाच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली माझी जागा आहे. वीज गेली की चालू व्हायचं आणि आली की गप्प बसायचं, एवढंच माझं आयुष्य. पण जिथे माणसं जन्माला येतात, तिथे एवढंही पुष्कळ असतं.

कारखान्यात माझ्या अंगावर हिरवा रंग चढला, तेव्हा आपण एखाद्या झगमगत्या दुकानात लागणार असं मला वाटलं होतं. ट्रकमधून उतरवलं ते इथे. डॉक्टरबाई तेव्हा तरुण होत्या. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "ऐन वेळी दगा नाही ना देणार हा?"

मिस्त्रीने मला चालू करून माझ्या पोटाला कान लावला. "आवाज खणखणीत आहे, बाई. हा तुमचं नाव राखील."

कान लावल्याशिवाय तो कुठल्याच यंत्राबद्दल मत देत नसे, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत.

आणि मी नाव राखलं. अंधार झाला की माझा पट्टा फिरू लागे आणि आतले दिवे लागत. काळजीने काळवंडलेले बाप माझ्याजवळ येऊन उभे राहत, कारण माझ्या आवाजात त्यांना कोणाशी बोलावं लागत नसे. एका आजोबांनी तर डॉक्टरबाईंच्या आधी माझ्यापुढे हात जोडले. डॉक्टरबाईंच्या धाकट्या जाऊबाई इथलं ऑफिस सांभाळतात. त्यांची मुलगीसुद्धा माझ्याच उजेडात जन्मली.

पण हळूहळू माझं कौतुक ओसरलं. मी धूर ओकत होतो आणि बाळांच्या खोलीची खिडकी नेमकी माझ्याकडे होती. ती कायमची बंद झाली. नर्स म्हणायची, "पडदा कितीही धुवा, कडा काळ्या त्या काळ्याच." डिझेलही परवडेनासं झालं. आधी इमारतीचा रंग राहिला, मग दुसरी नर्स नेमायची राहिली. शेवटी एके दिवशी डॉक्टरबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून बाळंतपणं बंद करू. नुसती तपासणी ठेवू."

पुढचं रुग्णालय इतकं लांब होतं, की बस बदलून जावं लागे. अवघडलेल्या बाईने ते कसं करायचं?

"ताई, बंद करायच्या आधी मला जरा चौकशी करू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "छपरावर उन्हाची वीज करणाऱ्यांना मदत मिळते म्हणतात."

मग त्यांचे हेलपाटे सुरू झाले. एका कार्यालयात सांगितलं, योजना घरांसाठी आहे. दुसऱ्यात सांगितलं, कारखान्यांसाठी आहे. त्या दिवशी माझ्या कट्ट्यावर बसून डबा खाताना त्या कानसेनला म्हणाल्या, "आपण घर नाही आणि कारखानाही नाही. मग आपण आहोत तरी कोण?"

"जेवून घ्या आधी," कानसेन म्हणाला. "उपाशीपोटी असले प्रश्न सुटत नाहीत."

अखेर वीज कंपनीत एक पोक्त कारकूनबाई भेटल्या. त्यांनी खुर्ची दिली आणि नीट समजावलं, "आधी वीज कमी लागेल असं करा, मग छपराचं बघा. दोन्हींना वेगवेगळी मदत आहे. लोक विचारायलाच येत नाहीत, म्हणून ती पडून राहते."

त्यांनी पाठवलेला तपासनीस खोलीखोलीतून फिरला. दिवसभर तापत राहणारी पाण्याची टाकी, घरघरणारा फ्रिज, जुने पंखे, सगळं त्याने पाहिलं. ते बदललं आणि त्या खर्चातला मोठा वाटा कंपनीने परत दिला. वीज कमी लागू लागली, तशा छपरावर उन्हाची वीज करणाऱ्या पट्ट्याही कमी लागणार होत्या. त्यासाठी दवाखान्यांना अनुदान होतं, आणि ते हाती येईपर्यंत बँकेचं कमी व्याजाचं कर्ज होतं. सगळं जमत आलं होतं. फक्त अनुदानाला एक अट होती. जुना जनरेटर मोडीत काढायचा. ठेवायचा नाही, विकायचाही नाही.

अटीचा कागद वाचून डॉक्टरबाईंनी तो बाजूला सारला. मग म्हणाल्या, "हे मला जमणार नाही. आभाळ भरलंय, आत बाई अडलीय आणि वीज गेली, तर काय करू मी?"

"ताई, बाळांच्या खोलीची खिडकी शेवटची कधी उघडली, आठवतंय तुम्हाला?"

"पट्ट्या आणि बॅटऱ्या बसवून घे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकदा तसा दिवस पाहीन, मग याचं ठरवीन."

तसा दिवस आला. कितीतरी दिवस ऊन नव्हतं. भर दुपारी वीज गेली आणि आत एक बाई कळा देत होती. डॉक्टरबाईंनी कानसेनच्या हातात माझी किल्ली दिली. "इथून हलू नकोस. हाक मारली की चालू कर."

माझी टाकी भरलेली होती. कानसेनचा हात किल्लीवर होता. खरं सांगू? हाक यावी असं मला वाटत होतं. पण बॅटऱ्यांत साठलेल्या विजेवर आतला दिवा जराही थरथरला नाही. सवयीने कानसेनने माझ्या पोटाला कान लावला, आणि बाळंतपणाच्या खोलीतून बाळ रडल्याचा आवाज आला.

मित्रांनो, इतकी बाळं माझ्या उजेडात जन्मली, पण त्यांचं पहिलं रडणं मी कधीच ऐकलं नव्हतं. त्या वेळी माझाच गोंगाट एवढा असायचा. ते इतकं बारीक असतं आणि तरी सगळी इमारत त्यासाठी थांबते, हे मला तेव्हा कळलं.

कानसेनने किल्लीवरचा हात काढला. थोड्या वेळाने ती जाम झालेली खिडकी आतून धक्के खाऊन उघडली आणि डॉक्टरबाई दिसल्या.

"ऐकलंस?"

"ऐकलं, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अटीवर सही केली.

आज कानसेन माझे भाग सुटे करतो आहे. भंगारवाल्याचा हातोडा त्याने लागू दिला नाही. एकेका नटाला तेल देऊन तो हलक्या हाताने फिरवतो आहे. मघाशी डॉक्टरबाई येऊन माझ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दुखत असेल का रे याला?"

"नाही, बाई. दमलाय तो."

मला वाईट वाटत नाही असं नाही, पण माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. रिकाम्या खोलीतला दिवा विझवत जा. मदत कुठे मिळते ते विचारायला लाजू नका. एका कार्यालयाने नाही म्हटलं तर दुसऱ्यात जा. आणि छपरावरच्या त्या पट्ट्या मुक्या आहेत. माझ्यासारखा आवाज करून त्या आपली आठवण देणार नाहीत. त्यांच्यावर धूळ साचेल. अंधार व्हायची वाट न बघता, अधूनमधून वर चढून त्या पुसत जा.