साडेबारा फेऱ्या

लेकीने घड्याळ पाठवलं आणि घरात तिसरं माणूस राहायला आलं. ते नवऱ्याला पहाटे उठवायचं, जास्त वेळ बसला की उभं करायचं आणि तो पळून आला की किती पळाला ते सांगायचं. बायकोला ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. इतकी वर्षं नवऱ्याला उठवायचं आणि टोचून बोलायचं खातं तिच्याकडे होतं, आणि तिने त्यात कधी हयगय केली नव्हती.

दोघं एकाच हॉटेलात कामाला. तो वेटर, ती गल्ल्यावर. ऐकणाऱ्याला वाटावं, काय नशीब, दिवसभर सोबत! प्रत्यक्षात ती दाराजवळच्या उंच खुर्चीत आणि तो टेबलांच्या गर्दीत. दिवसाकाठी तो तिच्याशी बोलायचा ते एवढंच, "खिडकीजवळच्या टेबलाचं बिल." तेही समोरून जाता जाता.

मालक तरुण होता, मनाने चांगला होता. एक दिवस म्हणाला, "काका, पार्सलचं वेगळं काउंटर काढतोय, काकूंच्या शेजारीच. तिथे बसा आता. किती वर्षं पायांना पळवणार?"

"पुढच्या आठवड्यात सांगतो," नवरा म्हणाला आणि सूपचे भरलेले वाडगे घेऊन वळला.

बायकोच्या मनात मात्र तिथल्या तिथे लाडू फुटले. शेजारी-शेजारी खुर्च्या! मधल्या वेळात दोन शब्द बोलता येतील, कुणा गिऱ्हाइकाच्या टोपीवर हळूच हसता येईल. घरी येऊन तिने जुन्या पडद्याच्या कापडाची एक गादी शिवली, काउंटरसाठी आणलेल्या नव्या खुर्चीच्या बरोबर मापाची, आणि कपाटात खाली दडवून ठेवली.

नवऱ्याने निर्णय सोपवला घड्याळावर. नदीकाठच्या रस्त्याने पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आलं की पाच किलोमीटर होतात, असं सगळे पळणारे सांगत. घड्याळाने पाच दाखवले तर टेबलं सोडायची नाहीत, नाही दाखवले तर पाय थकले असं समजून गपगुमान बसायचं. घड्याळ चारच्या पुढे सरकेना.

"लोकांचं काय," तो चेहरा पाडून म्हणायचा, "लोक पाच म्हणतात. यंत्र कशाला खोटं बोलेल?" दिवसेंदिवस त्याचं जेवणातलं लक्ष उडालं. हॉटेलात ती नवी खुर्ची दिसली की तो त्या खुर्चीकडे चोरून बघायचा, दवाखान्याच्या दाराकडे बघावं तसा.

शेवटी त्याने लेकीला फोन लावला. लेकीने उलटतपासणीच घेतली. उंची बरोबर भरलीय का? पट्टा सैल तर नाही ना? मग म्हणाली, "बाबा, ते साधं घड्याळ आहे, त्यात उपग्रहबिपग्रह काही नाही. हाताचे झोके मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. शाळेच्या मैदानावर जा. आतल्या रेषेने एक फेरी म्हणजे चारशे मीटर. पळा, फेऱ्या मोजा, आणि खरं अंतर घड्याळात भरा. मग ते शिकेल."

"पळायचं, श्वास सांभाळायचा आणि वर मोजायचं? मला नाही जमणार."

"आईला न्या. तिच्याइतकं चोख कोण मोजणार?"

रविवारी सकाळी दोघं मैदानावर गेली. बायको पायरीवर बसली, मांडीवर पिशवी. नवरा पळू लागला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला पळताना पाहिलंच नव्हतं. हॉटेलातली लगबग पाहिली होती, पण ती वेगळी. आता समोर मोकळं मैदान आणि त्यात एकटा तिचा नवरा.

दुसऱ्या फेरीला तिला काहीतरी खटकलं. तिसऱ्या फेरीला तिने पदर तोंडाशी धरला. त्याचा उजवा हात पुढे-मागे झोकात हलत होता. डावा मात्र कोपरात वाकलेला, पंजा वर, खांद्यापाशी जागच्या जागी. पाय उडत होते, डोकं डुलत होतं, आणि डावा हात तसूभरही हलत नव्हता. वळणावर तर तो कोपर किंचित बाहेर काढून अंग असं तिरकं करायचा, की मधे कुणाची खुर्ची आली असती तरी धक्का लागला नसता.

नवरा ट्रे घेऊन पळत होता.

आणि घड्याळ त्याच हाताला होतं. ज्या हातावरून कधी सूपचा थेंब सांडला नाही, त्या हाताचे झोके ते बिचारं मोजणार तरी कुठून! अंगाच्या हिसक्यांवरून जमेल तेवढं मोजत होतं. ती इतकी हसली की मोजणी चुकते की काय असं तिला वाटलं. पण चुकली नाही. तिची मोजणी चुकत नसे.

साडेबारा फेऱ्या झाल्या तेव्हा तो घड्याळ बघून थांबला, आणि ती उभी राहिली. तो पलीकडून चालत, धापा टाकत आला आणि मनगट तिच्यासमोर धरलं. घड्याळात बरोबर चार.

"किती फेऱ्या झाल्या गं?"

आणि तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. दहा फेऱ्या म्हणजे चार किलोमीटर. एक शब्द बोलायचा होता फक्त, दहा. घड्याळही तेच म्हणत होतं. उद्यापासून तो तिच्या शेजारी बसला असता, शिवलेल्या गादीवर, आणि तिला कुणी कधी पकडलं नसतं. तिला हे हवं होतं. मनापासून हवं होतं.

तो घाम पुसत म्हणाला, "दहाच ना? मला वाटलंच. जाऊ दे, सांगतो मालकाला. पायच गेले, त्याला कोण काय करणार?" आणि हसायला गेला. ते हसू तिला बघवेना. असा माणूस शेजारी बसवून बोलणार तरी काय होती ती?

"साडेबारा," ती म्हणाली.

"काय?"

"साडेबारा फेऱ्या. पाच किलोमीटर पुरते. पायांना काही झालेलं नाही तुमच्या. अहो, तो ट्रे ठेवा आधी खाली!"

त्याला काही कळेना. तिने त्याचा डावा हात धरून दाखवला. तो अजूनही तसाच होता, पंजा वर. नवरा आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला. मग दोघं पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

दोन्ही हात हलवून पळायचा त्याने प्रयत्न केला, पण वळणावर तोल जायला लागला. "सगळं सांडल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. मग तिनेच घड्याळ उजव्या मनगटावर चढवलं, त्याला आणखी दोन फेऱ्या पळवलं आणि खरं अंतर त्यात भरून टाकलं. दुसऱ्या दिवशी नदीकाठी घड्याळाने निमूटपणे पाच दाखवले.

नवऱ्याने मालकाला 'नाही' म्हणून सांगितलं. मालकाने पार्सलसाठी दुसरा माणूस शोधायला घेतला. त्याच आठवड्यात टॉवेल शोधताना नवऱ्याच्या हाती ती गादी लागली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, खुर्चीचं माप ओळखलं, आणि टॉवेल न घेताच बराच वेळ कपाटापाशी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं. बायको गल्ल्यावर जांभया देत होती. इतक्यात तिच्यासमोर पांढरं फडकं अंथरलं गेलं. वर चमचा आला, घडी घातलेला रुमाल आला. नवरा डाव्या हातावर ट्रे घेऊन उभा होता, त्यात काठोकाठ भरलेले सूपचे दोन वाडगे. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी वाढलं नव्हतं. तिचं जेवण नेहमी स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या.

त्याने वाडगे ठेवले, एक थेंब न सांडता. काखेतली गादी काढून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टाकली.

"मॅडम, आणखी काही?"

"बसा," ती म्हणाली.

तो बसला, आणि दारात पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत उठला नाही.