भरणीखालचा तलाव

मी सुरतेजवळच्या भेस्तानपलीकडचा तलाव बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, मी तुमच्या पायांखाली आहे.

एकेकाळी माझा थाट होता. तीन बाजूंच्या शेतांचा उतार माझ्याकडे, दोन ओहोळ माझ्यातच उतरायचे. पाणी गोड, आणि पसारा एवढा की पलीकडच्या काठावरची म्हैस शेळीएवढी दिसायची. भूगोलाच्या पुस्तकात लिहितात, गोड्या पाण्याच्या काठी माणसं वस्ती करतात. पुढचं लिहीत नाहीत. काठ भरला की ती पाण्यातही वस्ती करतात.

माझ्याकडे माणसं आली ती कापडाच्या लूमच्या कामामागे, खानदेशातून. त्यांत कलाबाई आणि तिचा नवरा सुकलाल. श्रावणात नारळाच्या रूपात कानबाई देवी बसवायची, रात्र गाण्यांनी जागवायची, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत यायचं, माझ्या पाण्यात बुडवायची आणि तोच नारळ जपून घरी न्यायचा, ही त्यांची रीत. पण भाड्याच्या खोलीत घरमालक कानबाई बसवू देईना. रात्रभर गाणी नकोत म्हणे. कलाबाई दरवर्षी शेजारणीच्या कानबाईमागे चालायची. कानबाईसाठी स्वतःचं दार हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरत चकाचक झाली. सगळीकडे कौतुक झालं. ठेकेदारांनी पाडकामाचा राडारोडा कुठे नेला, हे मात्र कोणी विचारलं नाही. मला विचारा, माझ्यातच ओतला. धर्मेंद्र नावाच्या दलालाने त्या भरणीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि वैशाखात, मी आटलेला असताना, प्लॉट दाखवले. तलाव कोरडा असताना त्यातली जागा पसंत करायची, ही अक्कल माणसालाच सुचते. म्हशी तरी आत उतरून बाहेर येतात. सुकलालने माझ्या ऐन पोटात घर बांधलं.

त्याच श्रावणात कलाबाईने आपल्या दारात कानबाई बसवली. रात्रभर गायली, आवाज बसला तरी गायली. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन ती बायकांबरोबर निघाली, आणि सगळ्या मला शोधत गल्ल्यागल्ल्यांतून फिरल्या. तलाव गेला कुठे, असं एकमेकींना विचारत त्या माझ्यावरूनच चालत होत्या. शेवटी रंगाच्या रिकाम्या पिंपात पाणी भरून कानबाई बुडवली. नारळ हिरवा होऊन बाहेर आला. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

दुपारी पाऊस कोसळला. उतार तेच, ओहोळ तेच. गुडघाभर पाणी घरात शिरलं आणि पाटावरचा नारळ तरंगत दाराकडे निघाला. सुकलाल पाण्याला शिव्या घालत होता. कलाबाईने नारळ पकडून छातीशी धरला आणि हळूच म्हणाली, "पानी आपला घरमा नही उनं. आपन पानीना घरमा उनूत."

सुकलालने मान डोलावली. मला वाटलं, पाणी घरात आलं नाही, आपणच पाण्याच्या घरात आलो, हे याला समजलं. पाणी ओसरताच त्याने आणखी एक ट्रॉली भरणी आणली आणि उंबरा वीतभर उंच केला.

कलाबाई, तुझ्यावर माझा राग नाही. उंबरा हवा तेवढा वाढू दे, फक्त कानबाईचा पाट त्याहून उंच ठेव. या उताराला माझ्याशिवाय दुसरं घर माहीत नाही. पुढच्या श्रावणात तुला पिंप शोधावं लागणार नाही.