मांडीवरच्या सासूबाई

निजामी अमलाच्या अखेरच्या काळात, आखाडा बाळापूरजवळच्या एका लहानशा गावी, तातेरावांच्या पत्नी गोजरबाई वारल्या. आणि वर्षश्राद्ध होण्यापूर्वीच त्या घरी परत आल्या. आपल्या माणसाला चितेवर ठेवण्यापूर्वी त्याच्या टाचेला काजळाचे बोट लावावे, म्हणजे ते पुन्हा आपल्याच कुळात जन्मले तर ओळखू येते, असा त्या घराचा आचार होता. ते बोट तातेरावांनी स्वहस्ते लावले होते. पुढे सून द्वारकाबाई प्रसूत झाली, कन्यारत्न झाले, आणि सुईणीने ते पालथे करून पुसले तो टाचेवर काळा डाग!

तातेरावांनी हात जोडले. "आलीस व्हय? लई वाट पाहायला लावली."

देह बदलतो, जीव तोच राहतो, हे तर सर्वमान्यच आहे. परंतु नव्या देहासोबत जुने अधिकारही जसेच्या तसे परत येतात, हा सिद्धान्त मात्र तातेरावांचा स्वतःचा होता, आणि तो त्यांनी घरात निष्ठेने चालविला. मुलीचे बारसे झाले नाही. नाव आधीच होते. तिचा बाप संतराम तिला 'माय' म्हणू लागला. द्वारकाबाईची मात्र पंचाईत झाली. सासूचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, हा दंडक. तेव्हा पोटच्या लेकीला हाक मारायला तिच्याजवळ 'सासूबाई'खेरीज शब्दच उरला नाही. पदर डोक्यावर घेऊन, वाकून नमस्कार करून, मगच ती लेकराला पाजायला घेई. पापा घ्यावासा फार वाटे. पण सुनेने सासूचा पापा घेतल्याचे उदाहरण पंचक्रोशीत नव्हते.

चार माणसे जे म्हणतील तेच मूल बनते. गोजरबाई बोलू लागल्या तेव्हा त्यांचा पहिला शब्द 'सूनबाई' हा होता. पुढे उंबऱ्यावर बसून, पाय हलवीत, त्या घराची व्यवस्था पाहू लागल्या.

"सूनबाई, वरणात मीठ कमी झालं."

"व्हय, सासूबाई."

"आन् माहेराला गेलीस तं लवकर ये."

"व्हय, सासूबाई."

दुधाचा दात पडला तेव्हा तातेराव गंभीरपणे म्हणाले, "गेल्या खेपेलाबी हाच आधी पडला व्हता."

या सगळ्याचे द्वारकाबाईला दुःख नव्हते. दुःख एकाच गोष्टीचे होते. औंढ्याला नागनाथाच्या पायरीवर डोके टेकवून ती एवढेच मागे, की देवा, सासूबाई सुखात राहोत, पण एकदा तरी मला आई म्हणोत. मग हे मागणे सासूचा मान उतरवणारे वाटून ती लगेच स्वतःचे कान धरी.

गावाबाहेर ओढ्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. द्वारकाबाई धुणे धुवायला जाई, तेव्हा तांड्यावरच्या पोरी काठावर घर-घर खेळत. गोजरबाई एके दिवशी त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मी म्हातारी हाय. पाया पडा."

तांड्यावरच्या भावसिंगाची थोरली पोर नानी हसून हसून वाळूत लोळली. "म्हातारी? आधी नाक पूस! आमच्या घरात म्हाताऱ्या मोप झाल्या. लेकरू व्हायला कोनी तयार न्हाई. तू लेकरू हो."

"लेकरानं काय करायचं?"

"पडायचं. रडायचं. 'याडी' म्हनून वरडायचं. मंग मी घेते कडेवर."

तांड्यावर आईला याडी म्हणतात. गोजरबाईंनी क्षणभर विचार केला. पदवी जात होती खरी; परंतु कडेवर बसण्याचे सुख त्यांना या जन्मी कोणी दिले नव्हते. त्या तत्काळ पडल्या आणि ऊन कलेपर्यंत पडतच राहिल्या. तेव्हापासून त्या रोज पडू लागल्या. द्वारकाबाई धुतलेलेच धुणे पुन्हा धुवीत ते पाहत बसे, आणि नऊ-दहा वर्षांच्या त्या नानीचा तिला असा हेवा वाटे की हातातले लुगडे ती दगडावर उगीच जोराने आपटी.

एके सकाळी घरच्याच अंगणात गोजरबाई धावता धावता बैलाच्या जुवाला अडखळल्या आणि गुडघा फोडून बसल्या. या पडण्यात खेळ नव्हता.

"याडी गं!"

द्वारकाबाई चुलीपासून उठली ती धावतच. पदर घसरला त्याची शुद्ध नाही. पिठाच्या हातांनीच तिने सासूबाईंना उचलले, कडेवर घेतले आणि गालावर, कपाळावर, सापडेल तेथे पापे घेतले.

"अगं, माय हाय ती माझी!" संतराम ओरडला. "कडेवर काहून घेतलीस?"

"थांब," बाजेवर बसलेले तातेराव म्हणाले. "काय म्हनली ती हिला?"

"याडी. तांड्यावरचं बोलनं हाय. म्हंजे आई," संतराम म्हणाला.

तातेरावांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. "गोजर नात्याला कधीच चुकली न्हाई. पंगतीत चुलत्याचे चुलते बराबर वळखायची. ती जिला आई म्हनती, ती तिची आईच. म्हंजे नरसीच्या भिकाबाई!"

"कोन भिकाबाई?"

"माझी सासू, बैला! तुझ्या बायकूच्या जन्माआधीच वारली. जुळतंय की."

"आन् टाच?"

तातेराव खाली वाकले. द्वारकाबाईची टाच चुलीच्या राखेने काळी झालेलीच होती. म्हातारा पागोटे सावरीत उभा राहिला आणि सुनेपुढे लवला. "माफी असावी. इतके वर्स तुमाला भाकरी थापायला लावल्या."

"म्हंजे ही माझी..."

"आजी. पाया पड."

संतराम बायकोच्या पाया पडला.

द्वारकाबाईने खरे सांगायला तोंड उघडले. हा पोरींचा खेळ आहे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण गळ्याभोवती दोन हात घट्ट होते, आणि ओला गाल मानेला चिकटला होता. तिने तोंड मिटले. मग ती सावकाश बाजेवर बसली, वडीलधाऱ्यांदेखत, आणि लेकराला मांडीवर घेतले.

लेकीचे नाव आईने घ्यायला कोणत्या शास्त्राची आडकाठी? इतकी वर्षे दातांमागे धरून ठेवलेले ते नाव तिने आधी अगदी हळू उच्चारून पाहिले.

"गोजर."

तातेरावांनी मान डोलावली.

"गोजरे! ए गोजरे!"

"काय?" पोरीने मुसमुसत विचारले.

"काय न्हाई," द्वारकाबाई म्हणाली, आणि पुन्हा हाक मारली.

आत भाकरी करपू लागली, तेव्हा तातेरावांनी संतरामला डोळ्यांनीच खूण केली, आणि तो मुकाट्याने ती उलटायला गेला.